एकाच दिशेची ताकद

फ्रीज कास्टिंगची कृती ऐकायला सोपी. सिरॅमिकची पूड पाण्यात कालवायची, एका बाजूने गोठवायची, मग निर्वातात बर्फाचं पाणी न होऊ देता थेट वाफ करायची आणि उरलेला सांगाडा भट्टीत भाजायचा. वाढताना बर्फाचे पापुद्रे पूड बाजूला ढकलतात. बर्फ गेला की तिथे छिद्रं. २००६ साली बर्कलेच्या गटाने हाडासाठीचे असे सांगाडे तेव्हाच्या सच्छिद्र रोपणांच्या चौपटीपर्यंत मजबूत असल्याचं 'सायन्स'मध्ये मांडलं.

पण ही ताकद बर्फ वाढला त्या दिशेतली! बांबूचा तुकडा उभा दाबून बघा, मग आडवा. शोधनिबंधांत बहुधा उभाच आकडा असतो. माणूस मात्र वळतो, अडखळतो, कुशीवर पडतो. माझं मत विचाराल तर, आडवा आकडा दिल्याशिवाय 'हाडासाठी योग्य' असं लिहूच नये.