कारण लिहा, महाराज!

आम्ही बँकवाले कितीही बदनाम असलो, तरी चेक परत करताना सोबत कारणाची चिठ्ठी जोडतो : शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, मुदत उलटली. पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला नकार देणारा संगणक मात्र कधी मुकाट्यानं जुन्याच डिस्ककडे वळतो, नाहीतर पुटपुटतो, 'नो बूटेबल डिव्हाइस'. अहो, डिव्हाइस नाकासमोर खोचलंय की!

कारण बहुधा चारांतलं एक असतं. आयएसओ फाइल ड्राइव्हवर नुसती कॉपी केली, रूफससारख्या प्रोग्रामनं रीतसर उतरवली नाही. बूटच्या रांगेत हार्ड डिस्क पुढे घुसली. सिक्युअर बूटला सही पटली नाही. किंवा ड्राइव्ह जुन्या बायॉससाठी बनवलेला आणि यंत्र यूईएफआयचं. एवढं एका ओळीत सांगायला काय जातं?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबली. जुन्या यंत्रावर लिनक्स चढवायचं, तर वाट बहुधा याच पेन ड्राइव्हवरून जाते. कारण कळत नाही म्हणून धडधाकट यंत्र भंगारात जातं आणि दुकानदार नवं गळ्यात मारतो.

कारण न सांगता गिऱ्हाईक परत पाठवायची सोय आम्हांला नाही. मग यंत्राला का असावी?