दादीला बोलणं कळावं म्हणून

मागच्या महिन्यात डोणगावला आपाकडे जाणं झालं. भाच्याने ४३ इंची टीव्ही आणि सोबत होम थिएटरचा सेट आणला होता. पाच स्पीकर आणि एक वूफरचा डबा. "मामू, ऐका तर, थेट टॉकीजसारखा दणका आहे," म्हणत त्याने आवाज वाढवला. शोकेसमधल्या कपबशा खणखणल्या.

आपाच्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे दादी म्हणतात, त्या मात्र बैठकीत नव्हत्या. आतल्या खोलीत तस्बीह घेऊन बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "आवाज लई आहे बेटा, पण बोलणं कळत नाही. पोरं म्हणतात, दादीला कमी ऐकू येतं. मग तिथं बसून काय करू?"

वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ अशी अक्षरं निसटतात आणि ढोलाचा ठोका मात्र नीट कळतो. दादींचं थोडं तसं झालं असेल, त्यासाठी कानाच्या डॉक्टरांना दाखवायला मी सांगितलंच. पण सेटची मागची बाजू पाहिली तेव्हा कळलं, की जास्त दोष जोडणीचा आहे. असा सेट पुष्कळ घरांत असतो, म्हणून आम्ही काय बदललं ते क्रमाने सांगतो. हात लावण्याआधी सगळे प्लग काढले, हे पहिलं.

चित्राची वायर : डिशचा बॉक्स एचडी होता, पण टीव्हीला पिवळ्या वायरने जोडलेला. या वायरमधून जुन्या टीव्हीच्या दर्जाचंच चित्र येतं, टीव्ही कितीही महाग असो. तिच्या जागी एचडीएमआय केबल लावली. दोन-तीन मीटरच्या अंतराला साधी, चांगली केबल पुरते. ती महाग घेतली म्हणून रंग जास्त खुलत नाहीत. मग टीव्हीचा पिक्चर मोड 'विविड'वरून 'सिनेमा'वर आणला. 'विविड'चा भडकपणा दुकानाच्या झगझगाटात बरा वाटतो, घरात त्याने माणसांचे चेहरे केशरी दिसतात. बैठक टीव्हीपासून सहा-सात फुटांवर ठेवली आणि पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आणला.

आवाजाची वायर : टीव्हीतून सेटला लाल-पांढरी वायर गेली होती. तिच्यातून डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात. पाच स्पीकर वाजत होते, पण सगळे तेच वाजवत होते. ब्लूटूथनेही बहुतेक दोनच आवाज मिळतात, शिवाय ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. त्यापेक्षा टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर 'एआरसी' लिहिलेलं असतं, तिथून सेटच्या तशाच खाचेत केबल लावावी. ही सोय २००९ पासून निघाली. ती नसेल तर ऑप्टिकल वायर चालते. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'ऐवजी 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम'वर ठेवावा, नाहीतर नवीन वायरमधूनही दोनच आवाज जातील. सेट अजून घ्यायचा असेल तर दुकानात आधी त्याची मागची बाजू बघा. एचडीएमआय किंवा ऑप्टिकलची खाच नसेल तर तो टीव्हीचं खरं ५.१ वाजवणार नाही.

मधला स्पीकर : ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. सिनेमातलं बरंचसं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. भाच्याने तोच शोकेसच्या खालच्या कप्प्यात, फुलदाणीच्या मागे ठेवला होता. आम्ही तो टीव्हीच्या बरोबर खाली, कप्प्याच्या कडेला आणला आणि पुढून थोडा उचलून त्याचं तोंड बसणाऱ्यांच्या कानाकडे केलं. पुढचे दोन टीव्हीच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर ठेवले. मागचे दोन, जे वायर पुरत नाही म्हणून पुढेच रचलेले होते, ते बैठकीच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे, कानापेक्षा एक-दोन फूट वर टांगले. वूफर कोपऱ्यातून बाहेर काढला. कोपऱ्यात त्याची घुमघुम वाढते, आणि ती भिंत शेजाऱ्यांचीही होती.

लाल आणि काळं : प्रत्येक स्पीकरचं लाल टोक लाल जागी आणि काळं काळ्या जागी लागलं पाहिजे. पुढच्या एका स्पीकरचं उलटं लागलं होतं. त्याने आवाज पोकळ होतो आणि कुठून येतो ते कळत नाही. शंका असेल तर वायर सेटपासून सोडवून तिच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. सेलचं अधिक टोक लाल वायरला लागलं की वूफरचा किंवा मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर यायला हवा.

फरशी आणि उघड्या भिंतींमुळे खोलीत प्रतिध्वनी होता. सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला, तेवढ्यानेही बोलणं सुटं झालं. शेवटी सेटच्या मेनूत मधल्या स्पीकरची पातळी ३ डेसिबलने वाढवली, वूफरची उतरवली आणि 'नाईट मोड' चालू केला. त्याने अचानक येणारे धमाके दबतात. हे सगळं करताना कान माझे नव्हते की भाच्याचे नव्हते. दादींची खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली, दादींना बसवलं आणि त्या सांगतील तसं बटण फिरवलं.

तपासायला दादींनीच सिनेमा निवडला, 'मुगल-ए-आझम'. १९६० मध्ये मुंबईच्या मराठा मंदिरात लागलेला हा सिनेमा २००४ मध्ये रंगीत होऊन परत आला, तेव्हा त्याचा आवाजही नव्याने बसवला होता. अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी अशा चौघांनी लिहिलेले त्याचे संवाद. त्यातला शब्द निसटला तर उरतं काय? जुने सिनेमे ५.१ मध्ये नसतील तर सेट 'डॉल्बी सराउंड' किंवा 'मूव्ही'वर ठेवावा, म्हणजे बोलणं मधल्या स्पीकरकडे येतं. सगळे स्पीकर एकसारखे वाजवणारा मोड टाळावा.

दोन गोष्टी जपा. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल किंवा सेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल, तर वीजवाल्याकडून घराची अर्थिंग तपासून घ्या. आणि पावसाळ्यात विजा कडाडू लागण्याआधीच प्लगसोबत डिशची वायरही काढून ठेवा. आवाजाबद्दल सांगायचं तर कायद्याने रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. पण शेजारी आजारी असेल, कुणाची परीक्षा असेल, तर तेवढी वाट तरी कशाला बघायची?

अर्धा तास झाला असेल. दादी एकदम म्हणाल्या, "बेटा, आवाज थोडा कमी कर. आता सगळं कळतंय." भाच्याने आवाज तीन घरं खाली आणला. इशाची अजान झाली तेव्हा दादींनीच रिमोट मागून घेतला, आवाज बंद केला आणि नमाजला उठताना बजावलं, "मी येईपर्यंत पुढे न्यायचा नाही."

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, इन्व्हर्टरच्या बॅटरीविषयी बोलू.