लोकरीचा बांगडा आणि चुंबकाची गोष्ट

क्रोशाला सध्या पुन्हा बरे दिवस आले आहेत. आमच्या आईच्या पिढीत क्रोशा म्हणजे दारावरचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल आणि दुधाच्या पातेल्यावरचं, कडेला मणी लावलेलं जाळीचं झाकण. मधल्या काळात हे सगळं जुनाट ठरून माळ्यावर गेलं. आता मात्र सुई पुन्हा हातात आली आहे, आणि या वेळी तोरणांसाठी नाही तर खेळण्यांसाठी. अमिगुरुमी हा जपानी शब्द आमच्या भिशीतल्या बायकांच्याही तोंडी बसलाय. लोकरीचे हत्ती, ऑक्टोपस, गाजरं, इडल्या... काय वाटेल ते विणतात लोक.

त्यातला माझा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे मासेमारीचा खेळ. लोकरीचे पाच-सहा मासे, एक काठी, काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला चुंबक. माशाच्या तोंडातही काहीतरी चुंबकाला चिकटणारं. सतरंजीचा समुद्र करायचा आणि गळ टाकून बसायचं. बॅटरीवर गरगर फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या तळ्यापेक्षा हा खेळ मला शंभर पटींनी आवडतो. त्याला आवाज नाही, सेल नाही, आणि मुलाला हात स्थिर ठेवायला लावतो.

शिवाय मासे आपले करता येतात. परदेशी नमुन्यांत एक नारिंगी मासा, एक निळा मासा आणि एक व्हेल असतो (जो मुळात मासाच नाही!). आपल्याकडे काय कमी आहे? पापलेट म्हणजे करड्या-चंदेरी लोकरीचा सरळ सरळ शंकरपाळा. सुरमई लांबट, अंगावर गडद पट्टे. बांगड्याची पाठ निळसर हिरवी, तिच्यावर गडद रेघा आणि पोट पांढरं. आणि बोंबील तर विणायला सगळ्यात सोपा, कारण तो खराही असाच लोळागोळा असतो. पहिलं पापलेट शेपटीपर्यंत आलं तेव्हा मला झालेला आनंद सांगता येत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तो मुद्दा. हा खेळ विणताना सगळे लोकरीच्या रंगावर तासभर बोलतात. चुंबकावर कोणी बोलत नाही. 'छोटं, चकचकीत, ताकदवान चुंबक घाला आणि वरून टाके घाला', इतकंच सांगतात. आणि हे चकचकीत चुंबकच या खेळातली एकमेव खरी धोकादायक गोष्ट आहे.

आपण लहानपणी ज्या चुंबकांशी खेळलो ती काळी किंवा लाल रंगाची, बोजड आणि ताकदीने बेताची. ही चांदीसारखी चमकणारी चुंबकं वेगळ्या जातीची. ती निओडिमियमची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत त्यांचा स्वतंत्रपणे शोध लागला आणि पुढे ती स्वस्त होत होत घरोघर आली. मोटारी, इअरफोन, कॉम्प्युटरची हार्ड डिस्क यांसाठी ती वरदान आहेत. पण साबुदाण्याच्या वड्याच्या नव्हे, नुसत्या साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या तुकड्यातही त्यांची ओढ भलतीच असते.

एखाद्या मुलाने असं एक चुंबक गिळलं तर ते बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाऊ शकतं. पण दोन गिळली, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा गिळला, तर गोष्ट बदलते. आतडं पोटात घड्या घालून बसलेलं असतं. एक चुंबक एका घडीत, दुसरं शेजारच्या घडीत. दोघं भिंतींतून एकमेकांना ओढतात, मधली कातडी चिमटली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि भोक पडतं. वरून दिसतं काय? थोडी उलटी, थोडी पोटदुखी. आपण म्हणतो काहीतरी बाधलं असेल.

आपल्याकडे मुलाने नाणं गिळलं की केळं खाऊ घालायचं आणि दोन दिवस वाट बघायची असा घरगुती इलाज आहे. चुंबकाच्या बाबतीत हा इलाज जिवावर बेतू शकतो. चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं आणि एक्स-रे काढायचा. डॉक्टरांना 'चुंबक' हा शब्द आवर्जून सांगायचा, कारण एकमेकांना चिकटलेली दोन चुंबकं एक्स-रेमध्ये एकच वस्तू वाटू शकतात.

मी उगाच घाबरवत नाहीये. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे, कारण तिथे अशा अपघातांची नोंद नीट ठेवली जाते. २००५ साली तिथे एक वीस महिन्यांचं बाळ खेळण्यातून सुटलेली चुंबकं पोटात गेल्याने दगावलं. प्लॅस्टिकच्या तुकड्यांत बसवलेली चुंबकं निखळून बाहेर येत होती. २००६ साली त्या खेळण्याचे लाखो संच परत मागवावे लागले. पुढे सुट्या चुंबकांच्या गोळ्यांवर २०१४ साली नियम आला, तो २०१६ साली कोर्टात रद्द झाला आणि २०२२ साली पुन्हा नवा नियम करावा लागला. म्हणजे मोठमोठ्या कंपन्या, त्यांचे इंजिनियर, त्यांच्या तपासण्या, एवढं सगळं असून हे घडलं. मग आपल्या चार टाक्यांचा भरवसा किती धरायचा?

प्लॅस्टिक तडकतं, लोकर तडकत नाही हे खरं. पण लोकर ताणली जाते. क्रोशाचं विणकाम म्हणजे शेवटी भोकांचीच रचना. मुलं मासा ओढतात, चावतात, ओला करतात. वर्षभराने त्याच टाक्यांतून आतला कापूस डोकावायला लागतो. जिथून कापूस येतो तिथून मसुराएवढं चुंबक येणार नाही असं कोण म्हणेल?

भारतात खेळण्यांसाठी कायदा आहे. खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. हस्तकला विभागाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिली आहे. ही सूट योग्यच आहे, नाहीतर लाकडी खेळणी करणारी आपली कितीतरी कुटुंबं प्रयोगशाळेच्या खर्चानेच बसली असती. आणि घरच्या नातवंडासाठी विणणाऱ्या आजीला तर कोणी विचारायलाच येत नाही. येऊही नये. पण सूट कागदापुरती असते. चुंबक कारखान्यातलं आहे की आजीच्या हातचं, हे आतड्याला कळत नाही.

मला खरी काळजी वाटते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. बाजारातलं खेळणं आपण उलटंसुलटं करून बघतो, वास घेतो, दुकानदाराशी हुज्जत घालतो. हाताने केलेल्या वस्तूला आपण असं काही करत नाही. 'किती प्रेमाने केलंय!' म्हटलं की तोंड बंद. भेटवस्तूला नावं ठेवू नयेत हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. त्यामुळे ज्या वस्तूची कुठलीच तपासणी झालेली नाही, तीच बिनबोभाट बाळाच्या हातात जाते.

माझ्या भाचीच्या लेकीला मी तिच्या चौथ्या वाढदिवसाला असा संच दिला. पोरगी खूश. भाची मात्र मासे दाबून दाबून बघत होती. मग म्हणाली, "मावशी, आत काय काय घातलंयस गं?" माझी बहीण लगेच तिच्यावर उखडली. "अगं, तिने महिनाभर डोळे फोडून केलंय आणि तू तपासणी कसली करतेस?" मी बहिणीला म्हटलं, विचारू दे तिला. आई आहे ती, तिने नाही तर कोणी विचारायचं? पण तेव्हापासून वाटतंय की हा प्रश्न तिला विचारावा लागूच नये. करणाऱ्यानेच आधी स्वतःला विचारावा आणि उत्तर वस्तूबरोबर द्यावं.

तर मी काय करते ते सांगते. अख्ख्या संचात चुंबक एकच, आणि ते काठीच्या दोरीला. माशांत चुंबक घालतच नाही. तिथे लोखंडी चकती. हार्डवेअरच्या दुकानात 'मोठं वायसर' म्हणून मागा, लगेच मिळेल. स्टेनलेस स्टीलचं घेऊ नका, पुष्कळ स्टेनलेसला चुंबक चिकटतच नाही. दुकानातच लावून बघायचं. चुंबक काळं, फेराईटचं, मोठ्या कडीच्या आकाराचं. चाळीस मिलिमीटर व्यासाचं मी वापरते. हा आकार का? लहान मुलाच्या घशात काय जाऊ शकतं हे ठरवायला खेळण्यांच्या तपासणीत एक नळकांडं वापरतात, त्याची रुंदी ३१.७ मिलिमीटर असते. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे ते त्यात आरामात जातं. तेव्हा चुंबक आणि वायसर दोन्ही या मापापेक्षा चांगलीच मोठी हवीत. फेराईट पडलं तर त्याचा टवका उडतो, म्हणून त्याला आधी जाड कापडाची पिशवी, कडेने मशीनची दुहेरी शिलाई आणि मग वरून लोकर. वायसरलाही तशीच पिशवी.

लोकरीच्या लेबलावर जी सुई सांगितलेली असते तिच्यापेक्षा बारीक सुई घ्यायची, म्हणजे वीण घट्ट येते. डोळे प्लॅस्टिकचे नकोत, बटणांचे नकोत. 'सेफ्टी आय' नावाचे जे मिळतात तेही सैल विणीतून निसटतात. काळ्या दोऱ्याने भरतकाम केलेला डोळा कधी कोणाच्या घशात अडकत नाही. दोरी वीतभर, त्याहून लांब नको, गळ्याला गुंडाळी बसायला नको. मासाही वीतभर. मांदेली करायचा मोह मीही मोठ्या कष्टाने आवरला आहे!

आणि तीन वर्षांखालच्या बाळासाठी चुंबक नकोच. माशाच्या तोंडाला लोकरीचीच मोठी कडी आणि काठीला लाकडाचा बोथट आकडा. बाळाला तेवढं पुरतं.

यावर कोणी म्हणेल, फेराईटची पकड ढिली, मासा मध्येच सुटतो. सुटू दे की! माझं तर मत आहे की त्यातच खेळ आहे. जोरदार चुंबकाने तीन मासे एका झटक्यात वर येतात आणि पाच मिनिटांत पोर कंटाळतं. ढिल्या पकडीला हात सावकाश उचलावा लागतो, श्वास रोखावा लागतो, आणि सुरमई अर्ध्या वाटेवर निसटली की जो ओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो. खऱ्या गळालाही काही दर वेळी मासा लागत नाही.

दुसरं कोणी म्हणेल, आम्ही लहानपणी बटणांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांशी खेळलो, आम्हाला काय झालं? ज्यांना झालं ते सांगायला इथे नाहीत, हे एक. आणि दुसरं म्हणजे आपल्या बाहुल्यांच्या पोटात निओडिमियम नव्हतं.

हे सगळं वाचून विणायचंच सोडून द्या, असं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट हाताने केलेल्या वस्तूचा एक फायदा कारखान्याला कधीच मिळणार नाही. आपल्या माशाच्या पोटात काय आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि तो मासा कुठल्या घरी आहे हेही. त्या घरी आपण दिवाळीला जातो, गणपतीला जातो. तेव्हा पाच मिनिटं काढून सगळे मासे दाबून बघायचे, वीण कुठे सैल झाली का, पिशवीची शिलाई उसवली का, वायसरला गंज चढला का ते पाहायचं. उसवलेला मासा तिथल्या तिथे बाजूला. दुरुस्त होईल तर करायचा, नाहीतर टाकून द्यायचा. मन घट्ट करून टाकायचा, कितीही सुंदर असला तरी.

आणि संचाबरोबर एक चिठ्ठी द्यायची, साध्या मराठीत. मासे किती, वायसर किती, चुंबक किती आणि कुठे. कोणत्या वयापासून. काही उसवलं तर खेळ काढून घ्या आणि मला फोन करा. चिठ्ठी असली की घेणाऱ्याला संकोच वाटत नाही, आणि कोणाच्या आईला कोणाच्या मावशीची उलटतपासणी घ्यावी लागत नाही.

असो. पावसाळा हा क्रोशासाठी उत्तम मोसम. खऱ्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, मासे महागलेले असतात, आणि पोरं घरात उच्छाद मांडत असतात. एक पापलेट, एक सुरमई, दोन बांगडे आणि एक बोंबील एवढं महिन्याभरात सहज होतं. रंग तुमच्या आवडीचे घ्या. चुंबक मात्र मोजून एकच, आणि मोठं.