विश्लेषण : चिनाब पुलाला ‘ताकदवान’ पोलाद पुरेसे का नव्हते?

शिवथरच्या खोऱ्यात हिवाळ्यात गारठा पडतो, पण पारा शून्याच्या आसपासही जात नाही. त्यामुळे थंडीने लोखंड तुटते असे महाड-पोलादपूरच्या माणसाला सांगितले, तर तो हसेल. पण महाड तालुक्यातल्या वीर स्थानकावरून ज्या कोकण रेल्वेची गाडी जाते, त्याच कोकण रेल्वे महामंडळाने जम्मू-काश्मीरमध्ये चिनाब नदीवरचा कमानी पूल उभारला आणि तिथे हाच प्रश्न महत्त्वाचा होता. 6 जून 2025 रोजी पंतप्रधानांनी या पुलाचे उद्घाटन केले. पुलाची लांबी 1,315 मीटर, कमानीचा गाळा 467 मीटर आणि उंची नदीपात्रापासून 359 मीटर. पोलाद लागले सुमारे 29 हजार टन. हे पोलाद उणे 10 ते 40 अंश सेल्सियस तापमानात टिकेल, असे रेल्वेने सांगितले आहे. यातला उणे 10 हा आकडा का महत्त्वाचा?

थंडीत पोलादाचे काय होते?

ओली काठी वाकते, वाळलेली काटकी कडकन मोडते. पोलादाचेही काहीसे तसेच आहे. नेहमीच्या तापमानाला जास्त भार आला, तर ते आधी ताणते, वाकते, म्हणजे इशारा देते. कारण त्याच्या स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकतात. थंडी वाढली की हे सरकणे अवघड होते आणि एका मर्यादेखाली तेच पोलाद ठिसूळ बनते. मग बारीकशी चीरही क्षणात आरपार जाते. गंमत अशी, की थंडीत पोलादाची ताकद कमी होत नाही, उलट थोडी वाढते. कमी होतो तो चिवटपणा.

याची किंमत जगाने मोजली आहे. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले असताना, शांत पाण्यात मधोमध दुभंगले. 10 जुलै 1962 रोजी मेलबर्नच्या ‘किंग्ज ब्रिज’वरून 45 टनांचे वाहन जाताना गाळा खचला. पूल जेमतेम वर्षभराचा होता. तिथे बर्फही नव्हता, फक्त थंड सकाळ होती. जास्त ताकदीचे पोलाद वापरले होते, पण ते वेल्डिंगला नाजूक होते आणि काही चिरा वर्दळ सुरू होण्याआधीपासूनच होत्या.

मग योग्य पोलाद ओळखायचे कसे?

भारतीय मानक ‘आयएस 2062’मध्ये ‘ई 250’, ‘ई 410’ अशा प्रती आहेत. हा आकडा ताकदीचा. चर्चा याच आकड्याची होते, पण थंड प्रदेशासाठी त्यापुढचे अक्षर पाहावे लागते. ‘ए’ असेल तर आघात चाचणीची अट नाही, ‘बीआर’ असेल तर चाचणी नेहमीच्या तापमानाला, ‘बी-झिरो’ला शून्य अंशावर आणि ‘सी’ला उणे 20 अंशांवर. बोटभर जाडीच्या तुकड्याला खाच पाडतात, थंड करतात आणि लंबकाच्या हातोड्याने एका फटक्यात तोडतात. तोडायला किती ऊर्जा लागली ते मोजतात. ‘ई 250’ला किमान 27 ज्यूल लागतात. साधारण पावणेतीन किलोचे वजन मीटरभरावरून पडावे, इतकी ही ऊर्जा. आकडा छोटा वाटतो, पण पुलाचे भवितव्य त्यावर ठरू शकते.

उणे 10 ची गरज असेल, तर उणे 20 ला तपासलेले पोलाद पुरते. द्राससारख्या ठिकाणी मात्र पारा उणे 20 च्याही खाली जातो. तिथल्या पुलांसाठी ‘सी’ लिहून मोकळे होता येणार नाही. युरोपीय मानकांत उणे 40, 50, अगदी 60 अंशांना तपासलेल्या प्रती आहेत. बारीक कणरचना, गंधक-फॉस्फरसचे अत्यल्प प्रमाण आणि गरजेप्रमाणे निकेल, असा त्यांचा घाट असतो. साहजिकच त्या महाग पडतात, आणि कमी दराच्या निविदेत पहिला बळी चाचणीच्या तापमानाचा जाऊ शकतो.

पोलाद चांगले असूनही धोका कुठे?

जोडात. ताकदवान पोलाद वेल्डिंगनंतर झटकन थंड झाले, तर जोडालगतचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. इलेक्ट्रोडमध्ये दमटपणा असेल, तर हायड्रोजन शिरून काही तासांनी, कधी दिवसांनी चीर पडते. म्हणून प्लेट आधी तापवणे, इलेक्ट्रोड भट्टीत सुकवणे आणि जोड अल्ट्रासाउंडने तपासणे आले. कागदावरचे ‘सी’ हे अक्षर हे काम करत नाही.

कोकणाला याचा काय उपयोग?

अशी थंडी कोकणातही आहे, फक्त टाकीत कोंडलेली. दाभोळच्या टर्मिनलवर येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू उणे 162 अंशांचा असतो. अशा टाक्यांच्या आतल्या भांड्याला साधारणपणे 9 टक्के निकेलचे पोलाद वापरतात.

शिवथर-महाडच्या पुलांचा शत्रू मात्र पाणी. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानी पूल पुरात वाहून गेला, सोबत एसटीच्या दोन बसही. इथे लोखंडी पूल बांधायचा, तर महागडे थंडीचे पोलाद घेऊन फायदा नाही. गंज रोखणारे लेपन, पाणी साचू न देणारे सांधे आणि पायाखालची माती किती धुपली याची दर पावसाळ्यानंतर पाहणी, इथे पैसा घालावा लागेल. स्वतःच गंजाचा थर धरून टिकणारे ‘वेदरिंग’ पोलादही सतत ओल्या किंवा खाऱ्या हवेत भरवशाचे नसते.