माप पुरे भरले काय?

अमेरिकेत शरद ऋतूतील शनिवार हा महाविद्यालयीन फुटबॉलचा वार असतो. हा फुटबॉल आपण पायाने खेळतो तो नव्हे. लांबट चेंडू हातात धरून परस्परांवर तुटून पडण्याचा तो खेळ आहे. मिशिगन विद्यापीठाच्या एकाच मैदानात लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. त्यांत विद्यार्थी असतात, पन्नास वर्षांपूर्वी पदवी घेतलेले आजोबा असतात, आणि विद्यापीठाची पायरी कधीही न चढलेले गावातील दुकानदारही असतात. आपल्या समाजातून उच्च शिक्षणासाठी तिकडे गेलेली मुलेसुद्धा या उत्साहात लवकरच रंगून जातात.

या रसिकवर्गात एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. मैदानात घाम गाळणाऱ्या विद्यार्थ्याला पैसे द्यावेत की नाहीत? जुन्या वळणाचे रसिक म्हणत, शिक्षण फुकट, राहणे-जेवण फुकट, आणखी काय हवे? दुसरा पक्ष विद्यापीठांच्या मिळकतीकडे बोट दाखवी. ते बोट चुकीचे नव्हते. बास्केटबॉलच्या वार्षिक स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा २०१० साली झालेला करार १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरचा होता, आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा क्रीडा प्रशिक्षक असतो.

व्यापारी मनुष्याला मात्र या वादात आणखी एक प्रश्न सुचावा. मोबदला रोखीने न देता वस्तूच्या रूपाने दिला, तर ती वस्तू मोजून द्यावी लागते. इथे वस्तू म्हणजे शिक्षण. ते पुरे मोजून दिले गेले काय?

या खेळाडूंना तिकडे ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणतात. शब्द ऐकायला गोड आहे. त्याचा जन्म मात्र हिशेबातून झाला. १९५५ साली कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. असे दावे उभे राहू नयेत म्हणून हा शब्द जाणीवपूर्वक रूढ करण्यात आला, हे महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच लिहून ठेवले आहे.

शब्द रूढ केला, तर त्यातील ‘विद्यार्थी’ हा अर्धा भाग तरी खरा असावयास हवा होता. नॉर्थ कॅरोलायना हे नामांकित विद्यापीठ. मायकेल जॉर्डन तिथलाच. त्या विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे काही अभ्यासक्रम केवळ कागदावर चालले. वर्ग भरत नसे, अध्यापक शिकवीत नसे. सत्राच्या अखेरीस एक निबंध द्यायचा आणि त्याला कार्यालयातील एका कर्मचारी बाईने भरघोस गुण द्यायचे. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार सुमारे ३१०० विद्यार्थ्यांनी असे अभ्यासक्रम घेतले, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे खेळाडू होते. क्रीडासंघटनेने २०१७ मध्ये निर्णय दिला की हे वर्ग खेळाडूंखेरीज इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, सबब आमच्या नियमांखाली शिक्षा करता येत नाही. म्हणजे हलका माल सर्वच गिऱ्हाइकांना सारखा विकला, म्हणून दुकानदार निर्दोष!

आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान म्हणजे मापात कमी-जास्त करणे, आणि प्रतिरूपक व्यवहार म्हणजे खऱ्याच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा हलका माल देणे, हे दोन स्पष्ट गणले आहेत. त्या अठरा वर्षांत हे दोन्ही एकाच ठिकाणी घडले. पदवीचा कागद खरा होता, एवढेच.

रसिकांनाही यातून सुटता येणार नाही. कोणत्या विद्यापीठातील किती खेळाडू पदवीधर झाले, याचे आकडे दर वर्षी प्रसिद्ध होतात. गुणफलकाइतक्या उत्सुकतेने ते कोणी वाचीत नाही. (अर्थात त्या आकड्यांवरून पदवीतील सत्त्व कळत नाही, हेही खरे.) मायरन रोल याचे उदाहरण बोलके आहे. फ्लोरिडातील या उत्तम फुटबॉलपटूला ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि २००९ मध्ये व्यावसायिक खेळ लांबणीवर टाकून तो ऑक्सफर्डला शिकायला गेला. परतल्यावर त्याचे कौतुक व्हावे, तर याचे मन खेळात आहे काय, अशी शंका व्यावसायिक संघांतून घेतली गेली. निवडीत तो पुष्कळ खाली घसरला. आज तो मेंदूविकारांचा शल्यविशारद आहे. टिम डंकनने आईला दिलेल्या वचनासाठी चार वर्षे पूर्ण करून १९९७ मध्ये पदवी घेतली आणि मगच तो व्यावसायिक बास्केटबॉलकडे वळला. शकील ओनीलने १९९२ मध्ये अर्धवट सोडलेली पदवी २००० साली, तो कोट्यधीश झाल्यावर, पुरी केली.

आता काळ पालटला आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर जाहिरातींतून कमाई करता येते, आणि २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच आपल्या खेळाडूंमध्ये वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटू शकतात. हे न्याय्यच झाले, असे आम्ही मानतो. परंतु रोख मिळू लागताच बरेच रसिक म्हणू लागले की आता शिक्षणाचे सोंग पुरे. हा हिशेब आम्हांला पटत नाही. महाविद्यालयीन खेळाडूंपैकी शंभरात दोघेही व्यावसायिक होत नाहीत. ही मोठी रक्कमही मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉल यांच्याच वाट्याला जाते. पोहणाऱ्या किंवा धावणाऱ्या मुलीच्या हाती शेवटी तिची विद्याच राहते. शिवाय अधिक पैशासाठी दरवर्षी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूचे आधीचे विषय पुढच्या ठिकाणी पूर्ण धरले जातीलच, असे नसते.

टेनिस, स्क्वॉश, पोहणे यांच्या बळावर भारतातूनही मुले तिकडे जातात. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठातर्फे २००७ आणि २००८ असा दोनदा तिथला राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता झाला. आपल्या घरातील मुलामुलीला असे बोलावणे आले, तर आनंद अवश्य करावा. पण करार दुकानातील बिलासारखा तपासून घ्यावा. शिष्यवृत्ती एका वर्षाची की चारही वर्षांची? दुखापत झाल्यास ती चालू राहते काय? सरावाच्या वेळा आड येतात म्हणून प्रयोगशाळेचा विषय सोडावा लागणार काय? विद्यार्थी व्हिसावर जाहिरातीची कमाई बहुधा करता येत नाही, म्हणून तो आकडा जमेस धरू नये. आणि प्रशिक्षक तोंडी जे सांगेल, ते विद्यापीठाच्या पत्रावर लिहून मागावे.