आईचे माप आणि राज्याचे माप

मुलाला तापाचे पातळ औषध वजनानुसार द्यावे, घरातला चमचा न वापरता बाटलीसोबतचे माप वापरावे. पाच मिलिलिटरमध्ये पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम आहे की २५०, हे वाचून घ्यावे. हा उपदेश रास्तच आहे. परंतु आई कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरची असो वा छिंदवाड्याची, औषधात काय मिसळले आहे हे तिला तपासता येत नाही.

२०२५ मध्ये कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या सर्दी-तापाच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के आढळले, मर्यादा ०.१ टक्का आहे. मूत्रपिंडे निकामी होऊन मध्य प्रदेशात २०हून अधिक मुले दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते.

महाराष्ट्राला हे विष अपरिचित नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यानेच दूषित झालेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्णांचा बळी घेतला. लेंटिन आयोगाने औषध प्रशासनातील अनास्थेवर नेमके बोट ठेवले होते.

कच्च्या मालाची चाचणी आजही बंधनकारक आहे. उणीव आहे ती पडताळणीची. कारखान्यांच्या तपासणीचे अहवाल जाहीर करावेत आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यालाही उत्तरदायी धरावे. आईने मात्रा मोजावी, ही अपेक्षा बाळगणाऱ्या राज्याने आधी आपले माप पुरे करावे.