आकाशांतून पडलेला दगड कापावा काय?

सन २०१२ च्या मे महिन्याच्या २२ तारखेस नागपूर जिल्ह्यांतील काटोल गांवीं व आसपास आकाशांतून दगड पडले. असा दगड ज्याच्या अंगणांत येईल त्यास तो देवघरांत ठेवावा, किंवा पेटींत कुलूपबंद करावा, असें वाटणें स्वाभाविक आहे. तथापि आमचें मत असें कीं, तो जाणत्यांच्या हातीं द्यावा, व त्यांनीं तो खुशाल कापावा.

कारण अशनीचें बाह्य रूप फसवें असतें. वातावरणांतून येतांना त्याचा पृष्ठभाग वितळून त्यावर पातळ काळी साल चढते. तिजवरून आंतील कुळी ओळखत नाहीं. पण त्याची चकती कापून ती घासतां घासतां ०·०३ मिलिमीटर जाडीची केली, म्हणजे तिच्यांतून उजेड पार जातो, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ऑलिव्हिन, पायरॉक्सिन इत्यादि खनिजें ओळखूं येतात. त्यांत खसखशीएवढे वाटोळे कण दिसले तर दगड काँड्राइट जातीचा समजावा. सुमारें ४५६ कोटि वर्षांपूर्वीं सूर्यमाला घडत असतां थिजलेले हे थेंब होत.

पुढचें काम रसायनाचें. सामान्य काँड्राइटांचे एच्, एल् व एलएल् असे तीन गट आहेत. एकंदर लोह पहिल्यांत शेंकडा सुमारें २७, दुसऱ्यांत २२ व तिसऱ्यांत १९ च्या आसपास असतें. परंतु केवळ बेरजेनें भागत नाहीं; तें लोह कोणत्या रूपांत आहे हेंही पाहावें लागतें. एच् गटांत बरेंचसें लोह धातुरूप असतें, तर एलएल् गटांत धातु अगदीं थोडा व लोह बहुतेक खनिजांत गुंतलेलें. ब्रिटिश म्यूझियममधील प्रायर यांनीं १९१६ सालीं हा नियम मांडला कीं, धातु जितका कमी तितकें त्यांत निकेल अधिक, व खनिजांतही लोह अधिक.

गटाच्या अक्षरापुढें ३ ते ६ पैकीं एक अंक येतो. आमच्या मुलांस वाटतें, सहावी इयत्ता तिसरीच्या वरची! येथें तसें नाहीं. हा अंक गुणांचा नसून शेकल्याचा आहे. मूळच्या लघुग्रहांत जो दगड फार तापला, त्यांतील वाटोळे कण पुसट होतात, व त्यास ६ हा अंक मिळतो. काटोलचा दगड एल् ६ ठरला. ‘सामान्य’ या नांवानें कोणी हिरमुसूं नये. याच दगडांतील आघातानें वितळलेल्या शिरेंत ब्रिजमनाइटचे कण मिळाल्याचें खरगपूरच्या संशोधकांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. पृथ्वीच्या पोटांत हें खनिज सर्वांत विपुल, पण तें आपल्या हातीं कसें लागावें? कुलपांतील तुकड्यानें हें कधींच सांगितलें नसतें.

दुसरा दाखला बिहारांतील शेरघाटीचा. तेथें १८६५ सालीं पडलेल्या दगडांत वाटोळे कण मुळींच नाहींत. पायरॉक्सिन व कांचरूप झालेलें फेल्डस्पार, असा त्याचा घाट आपल्या दख्खनी काळ्या दगडाच्या जवळचा. वाटेंत दिसता तर आम्हींही ओलांडून गेलों असतों. त्याच जातीच्या, अंटार्क्टिकांत मिळालेल्या एका दगडाच्या कांचेंत कोंडलेला वायु व्हायकिंग यानांनीं १९७६ सालीं मोजलेल्या मंगळाच्या हवेशीं जुळला. शेरघाटीचा दगड मंगळावरचा!

कोणी म्हणेल, ज्या गरिबाच्या शेतांत दगड पडला त्याच्या हातीं काय उरलें? हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो. पण अशनीस नांव मिळतें तें गांवाचेंच. आणि त्या नोंदीसाठीं नमुना राखून ठेवावा लागतो तो २० ग्रॅम किंवा एकंदर वजनाचा पांचवा हिस्सा, यांपैकीं कमी असेल तितकाच.

म्हणून पालकांस विनंति कीं, असा दगड आढळल्यास जागा व वेळ लिहून ठेवावी, दगड कोरड्या स्वच्छ कागदांत गुंडाळावा, व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या खात्यास कळवावें. तो धुऊं नये. आणि मुलांनीं त्यास लोहचुंबक लावून पाहण्याचा मोह आवरावा. त्यानें दगडांतील कोट्यवधि वर्षांची चुंबकीय खूण एका क्षणांत पुसली जाते.